सुळका आणि माची

आमच्या नांदेड-लातूरकडे डोंगर नाहीत असे पुण्या-नाशिककडचे स्नेही म्हणतात, आणि ते अगदीच खोटे आहे असे नाही. बालाघाटाचे फाटे इकडे येईतो दमून गेलेले असतात. काळ्या रानात मध्येच एखादा उंचवटा उभा राहतो. त्याला आमचे लोक डोंगर न म्हणता ‘बेट’ म्हणतात. उदगीर तालुक्यातील देवर्जनजवळचे हत्तीबेट किंवा चाकूर तालुक्यातील, वनौषधींसाठी नावाजलेले वडवळ नागनाथचे बेट ही ज्वारी-तुरीच्या समुद्रातून वर आलेली बेटेच होत. उत्तरेला माहूर-किनवटचे डोंगर आहेत. पण तिथेही माणूस रेणुकेला जातो, दत्ताला जातो, अनसूयेला जातो. शिखर ‘सर’ करायला कोणी जात नाही.

अशा मुलखातल्या, मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या एका शाळामास्तराने डोंगरावरच्या साहित्याची चिकित्सा करावी, हे थोडे धाडसाचे आहे याची मला जाणीव आहे. माझी बाजू एवढीच, की ज्याच्या दारात डोंगर नाही त्याला तो प्रथम पुस्तकातच भेटतो. आणि पुस्तकातला डोंगर चुकीचा भेटला, तर पुढे खरा डोंगरही चुकीचाच भेटतो. माझ्या बाबतीत तसे घडले. त्याची किंमत माझ्याऐवजी माझ्या मुलीने मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

डोंगरावरच्या लेखनाचे, माझ्या अल्प वाचनावरून, दोन प्रकार दिसतात. एकाला मी सुळक्याचे साहित्य म्हणतो आणि दुसऱ्याला माचीचे. सुळक्याच्या साहित्यात माणूस पायथ्याशी एक निश्चय करतो, वाटेत संकटे येतात, आणि शेवटच्या प्रकरणात तो माथ्यावर तरी पोहोचतो किंवा माथ्यावाचून परततो. मजकूर कितीही पानांचा असो, त्याची नजर एकाच टोकावर खिळलेली असते. माचीच्या साहित्यात टोक नसते. बालेकिल्ल्याच्या खाली डोंगराला जी रुंद, वसण्याजोगी सोंड असते ती माची. तिथे पाणी असते, झाडे असतात, शिबंदीची घरटी असतात. माचीवर माणूस चढत नाही, राहतो. या साहित्यातही माणूस डोंगरात राहतो, आणि लेखक त्याच्यापाशी बसून असतो.

मौज अशी, की मराठीत या दोन्ही प्रकारांचे उत्तम नमुने एकाच लेखणीतून उतरले आहेत. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनी वयाच्या तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडले. पुढे ते गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली, आणि आयुष्यभर गडकिल्ले पालथे घातले. त्यांची ‘माचीवरला बुधा’ ही छोटी कादंबरी १९५८ सालची. म्हातारा बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परत येतो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्यात राहू लागतो. कथानक म्हणाल तर एवढेच. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. दुसऱ्या एखाद्या लेखकाने बुधाला त्यांपैकी एकावर निदान एकदा तरी चढवला असता. दांडेकरांची कादंबरी माचीवरून हलायचे नाव घेत नाही. वर बुरूज आहेत, ते असू देत. बुधाला त्यांच्याकडून काही मिळवायचे नाही.

आणि त्याच लेखकाची ‘जैत रे जैत’ पाहा. १९७७ साली जब्बार पटेल यांनी तिच्यावर चित्रपट काढला. आमच्या मराठवाड्याला त्या चित्रपटाचे विशेष अगत्य, कारण त्याची गाणी अजिंठ्याच्या डोंगरांलगतच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर यांची. कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांची ही कथा. नाग्याला लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी गाठायची आहेत. राणीमाशीशी त्याचे वैर आहे. इथे सगळे काही त्या सरळसोट कड्याकडे धावते. नाग्या जिंकतो. पण खाली उभ्या असलेल्या चिंधीला मधमाश्या घेरतात आणि ती जाते. नावात दोनदा विजय घोषित करणाऱ्या या कथेच्या शेवटी विजय कोणाचा, हे वाचकाने ठरवायचे.

दांडेकर नाग्याला दोष देत नाहीत, हे विसरून चालणार नाही. कड्याची ओढ हा वेडेपणा आहे, शहाण्याने खाली बसावे, असा उपदेश त्यांनी केलेला नाही. ज्या हाताने नाग्याला कड्यावर चढवला त्याच हाताने बुधाला माचीवर बसवले. दोघांवर त्यांची माया सारखीच आहे. पण कड्याचा हिशेब मांडताना खाली कोण उभे होते हे लिहायला ते विसरत नाहीत. सुळक्याच्या साहित्याची खरी परीक्षा मला इथेच दिसते. वर गेलेल्याचे पाऊल कुठे पडले हे सर्वच लेखक सांगतात. त्या पावलाचा भार कोणावर पडला हे थोडेच सांगतात.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अन्नपूर्णेचे. ३ जून १९५० रोजी मोरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोहोचले. आठ हजार मीटरांवरच्या शिखरावर माणूस चढल्याची ही पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी हर्झॉग यांचे पुस्तक निघाले आणि जगभर वाचले गेले. ते मोठे पुस्तक आहे यात शंका नाही. विशेषतः हातमोजे निसटून दरीत गेल्यानंतरच्या उतरणीची पाने विसरता येत नाहीत. परंतु लाशनाल हा वाटाड्याचा धंदा करणारा माणूस होता. पाय गोठत चालले आहेत आणि पाय गेले तर पोट गेले, हे त्याला कळत होते. मी मागे फिरलो तर तुम्ही काय कराल, असे त्याने हर्झॉगना विचारले. एकटा पुढे जाईन, असे उत्तर आले, आणि तो त्यांच्याबरोबर निघाला. हर्झॉग यांच्या पुस्तकात हा प्रसंग आहे, पण तो पराक्रमाच्या झोतात आहे. लाशनाल १९५५ साली वारला. त्याच्या टिपणांचा मूळ मजकूर काटछाट न होता छापला गेला तो १९९६ साली. त्यात तो सांगतो, की माथ्याची हौस म्हणून तो गेलाच नव्हता. आपण सोबत नसलो तर हा माणूस परत येणार नाही, एवढ्यासाठी गेला. त्याच्या पायांची सगळी बोटे गेली. एकच चढाई, दोन माणसे, दोन पुस्तके. पहिल्यात शिखर आहे, दुसऱ्यात सोबती. मला विचाराल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. एकट्याने कोणतेच पुरे पडत नाही.

आता माचीच्या बाजूचे एक परदेशी पुस्तक सांगतो. नॅन शेफर्ड या स्कॉटलंडच्या बाई. शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले, म्हणून मला त्या आमच्या बिरादरीच्या वाटतात. केर्नगॉर्म नावाच्या डोंगररांगेवर त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ‘द लिव्हिंग माउंटन’ हे लहानसे पुस्तक लिहिले आणि ते तीस वर्षे खणात पडून राहिले. छापले गेले १९७७ साली. तरुणपणी त्यांनाही उंचीची झिंग होती, हे त्या मोकळेपणाने सांगतात. पुढे डोंगराच्या ‘वर’ जाण्याऐवजी डोंगराच्या ‘आत’ जाण्याची त्यांना गोडी लागली. पाणी, बर्फ, हवा, झोप अशी प्रकरणे आहेत. डोंगरावर लागलेल्या झोपेवर एक सबंध प्रकरण लिहिणाऱ्या बाईंपुढे मी हात जोडले आहेत.

पण हे काही आपल्याला नवे नाही. आमच्याच गोदाकाठी, तेराव्या शतकात चक्रधरस्वामी हिंडले. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी जमवल्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने महानुभावांची ‘स्थानपोथी’ वाचणारे थोडे. स्वामी कुठे उतरले, कुठे बसले, कुठे निजले, त्या त्या स्थानांची ही नोंद. प्रवासाचे हे किती निराळे माप आहे! किती कोस चालले याचा गर्व नाही, किती उंच गेले याची मोजदाद नाही. कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला बसले, एवढे सांगितले आहे, कारण जिथे माणूस बसतो तिथेच ते ठिकाण त्याचे होते. प्रवासवर्णनाची एक सोपी कसोटी मी या पोथीपासून घेतली आहे. लेखक कुठे बसला हे पुस्तकात सापडते का? सापडत नसेल, तर तो तिथून फक्त गेला होता असे समजावे.

या कसोटीला आजचे आपले लेखन कितपत उतरते? १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ साली ‘गिरिप्रेमी’ची तुकडी पोहोचली, आणि मराठी माणसाच्या मनातला डोंगर एकदम आठ हजार आठशे मीटरांवर गेला. ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या माणसांनी वर्षानुवर्षे सह्याद्रीत घाम गाळला होता, हे आपण विसरलो, हा त्यांचा दोष नव्हे. तेव्हापासून साध्या भटकंतीच्या लेखनातही मोहिमेची भाषा शिरली. रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा माणूसही गड ‘सर’ करतो, चढाईला किती मिनिटे लागली ते लिहितो, आणि यंदाच्या यादीतला हा कितवा ते सांगतो. गडाला पाणी कुठल्या टाक्यात आहे हे शोधायला त्या लेखात फार वेळ लागतो.

उलट बाजूही तितकीच कच्ची आहे. पुष्कळशी सहलीची वर्णने वाचून पोट भरते ते पिठले-भाकरीच्या उल्लेखांनी. गार वारा, गरम भजी, गमतीदार सोबती आणि परतीचा प्रवास. अशा लेखात माची आहे, पण तिच्यावर बालेकिल्ल्याची सावली पडत नाही. बुधाच्या माचीला खोली आहे ती त्याने मुंबई सोडण्याची किंमत दिली म्हणून. शेफर्डबाईंच्या झोपेला अर्थ आहे तो आधी पाय दुखेपर्यंत चालल्या म्हणून. काहीच पणाला न लावता लिहिलेला आराम हा नुसता आळस होतो, आणि आळसाचे साहित्य आमच्या शाळेतल्या मुलांच्या निबंधवह्यांतही मला भरपूर वाचायला मिळते.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाकडे येतो. माझी दुसरी कादंबरी एका गिर्यारोहकाची होती. मी तोवर माहूरगडापेक्षा मोठे काही चढलो नव्हतो. सारे पुस्तकांतून उचललेले. नायक पहिल्या पानावर निघतो आणि शेवटच्या पानावर पोहोचतो. उदगीरच्या एका निवृत्त गुरुजींनी मला कार्ड टाकले. मजकूर एका ओळीचा होता : ‘कादंबरीत चढ पुष्कळ आहे, डोंगर कुठे आहे?’ मला राग आला. गुरुजींना डोंगर दाखवायचाच या ईर्ष्येने मी महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावर जायचे ठरवले, आणि बारा वर्षांच्या मुलीला बरोबर घेतले.

नांदेडहून रात्रीच्या गाडीने नाशिक रोड, तिथून एस.टी.ने घोटी, घोटीहून बारी. कळसूबाई १६४६ मीटर. पाय सरावाचे असतील तर वाट काही फार बिकट नाही. अवघड जागी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पण मी मनाशी तीन तासांचा वायदा केला होता. मुलगी वाटेत एका ओढ्यापाशी थांबली, मी तिला उठवले. एका शिडीखाली तिला खेकडा दिसला, मी म्हटले, उतरताना बघू. तिसऱ्यांदा ती बसली तेव्हा मी आवाज चढवला. आम्ही तीन तासांच्या आत माथ्यावर होतो. देवीच्या देवळापाशी उभे राहून मी चहूकडचे गड ओळखू लागलो, आणि ती पाठ करून बसली होती. उतरताना ओढाही आला, शिडीही आली; खेकडा अर्थातच नव्हता. गाडीत ती एवढेच म्हणाली, “बाबा, आपण डोंगर बघायला आलो होतो का घड्याळ?”

त्यानंतर दोन वर्षे ती माझ्याबरोबर कुठल्याही टेकाडावर आली नाही. मी बोलावले की अभ्यासाचे निमित्त सांगे. वर्गात चाळीस पोरांना समजून घेणाऱ्या मास्तराला घरातली एक मुलगी समजली नव्हती. तेव्हा मला चिंधी आठवली, लाशनाल आठवला. माझ्या पराक्रमाची उंची त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही हे मला कळते. पण हिशेब त्याच जातीचा होता. वर मी होतो आणि खाली दुसरे कोणीतरी भरत होते.

मागच्या दिवाळीत आम्ही औशाला माझ्या आईकडे होतो. भाऊबीज झाली, पाहुणे पांगले, आणि आईच म्हणाली, की हत्तीबेट बघून लई वर्षं झाली. सत्तरी उलटलेली बाई. तिला घेऊन काही सर करायचे नव्हते. डब्यात उरलेले कडबोळे, चिवडा आणि धपाटे बांधून आम्ही निघालो. आई बरोबर म्हटल्यावर मुलगीही आली. अर्ध्या वाटेवर झाडाखाली आईने बसकण मारली. मी सवयीने म्हटले, “आई, थोडंच राहिलं, वर चल.” ती म्हणाली, “वर काय ठिवलंय रे? हितं सावली हाय. तुला जायाचं तर जा की.” मी गेलो नाही. आम्ही तिथेच दोन तास बसलो. खाली तुरीची शेते पिवळ्या फुलांवर आली होती. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात याच बेटाच्या आसऱ्याने आपल्या माणसांनी रझाकारांना तोंड दिले, ते आईने तिच्या सासऱ्यांकडून ऐकले होते. मला ते तिने कधी सांगितले नव्हते, कारण तिच्यापाशी इतका वेळ मी कधी बसलोच नव्हतो. मुलगी तिच्या मांडीवर डोके ठेवून ऐकत होती. मग ती आपली आपणच उठली आणि लेणी बघायला वर पळाली. तिला कोणी जा म्हटले नव्हते.

मला जे पुस्तकांनी नीट सांगूनही कळले नव्हते, ते त्या झाडाखाली कळले. पण त्यावरून ‘शिखरे सोडा, सावलीत बसा’ असा निष्कर्ष काढला तर ती पुन्हा एकदा अर्धीच वाचलेली पोथी होईल. मुलगी वर पळाली हेही तितकेच खरे आहे. माणसाला वर जावेसे वाटते. कळसूबाई पाहिली नसती तर हत्तीबेटाची सावली मला इतकी गार लागली नसती. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी दगडात बांधून ठेवले आहे. राजगड बघा. शिवछत्रपतींची ही पहिली राजधानी. बालेकिल्ला एक, आणि त्याला माच्या तीन : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. बालेकिल्ल्यावाचून गड नाही. पण राबता, पाणी, वस्ती आणि लढण्याची ताकद माच्यांवर. नुसता सुळका उभा असेल तर तिथे राज्य नांदत नाही. फार तर कैदी ठेवता येतो.

लेखकाने काय किंवा सुट्टीत पोरांना घेऊन निघालेल्या बापाने काय, एवढे प्रमाण सांभाळावे असे मला वाटते. वर्षाकाठी एखादा बालेकिल्ला असावा. त्यासाठी घाम गाळावा, पहाटे उठावे, भीतीही वाटू द्यावी. पण त्याच्या भोवती तीन तरी माच्या असाव्यात, जिथे कोणी कुठेही पोहोचणार नाही आणि सगळे बसतील. मी माझ्या कादंबरीची नवी प्रत करायला घेतली आहे. नायक अजून निघतोच आहे, परंतु आता त्याला वाटेत एक ओढा लागतो. गुरुजींना दाखवायला ते उदगीरला राहिले नाहीत, याची रुखरुख आहे.

यंदा मुलगी दहावीला आहे. परीक्षा झाली की कळसूबाईला जाऊ, असे तिने आपणहून सांगितले. अट एकच, घड्याळ घरी ठेवायचे. खेकड्याची शिडी तिला अजून आठवते.